गुलमर्गचें बर्फ आणि पायांतील बूट

हिमालयाचें वर्णन करावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप शिखरांकडे धांवते. पांढरींशुभ्र शिखरें, देवदारांचीं वनें, पहांटेच्या वेळीं बर्फावर चढणारी सोनेरी झांक, हें सर्व इतक्या लेखकांनीं इतक्या वेळां लिहून ठेविलें आहे कीं, त्यांत आम्हीं आणखी भर घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु शिखराकडे पाहणाराची दृष्टि वर असली तरी त्याला तेथवर नेणारे पाय खालींच असतात. आणि त्या पायांत काय आहे, याकडे प्रवासवर्णन लिहिणारे सहसा लक्ष देत नाहींत. काश्मिरांतील गुलमर्ग येथें आम्हीं एका फेब्रुवारींत जे आठ दिवस घालविले, त्यांतील निम्म्याहून अधिक दिवस आमच्या बोलण्याचा विषय शिखर हा नसून बूट हा होता. तो कसा झाला, आणि घरीं परतल्यावरही त्या बुटानें आमच्या कुटुंबांत केवढा वाद माजविला, तें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

श्रीनगराहून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. रस्ता प्रथम भाताच्या शेतांतून व सफरचंदांच्या बागांतून जातो. हिवाळ्यांत शेतें उघडीं, झाडें निष्पर्ण, आणि घरांच्या उतरत्या छपरांवर बर्फाचे थर, असें दृश्य सर्वत्र दिसतें. टंगमर्ग या गांवापासून खरा चढ लागतो; तेथून वर गुलमर्ग १३ किलोमीटर. बर्फ पडलेलें असेल तर गाडीच्या चाकांना येथेंच लोखंडी सांखळ्या चढवितात. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी बूट व जाड कोट भाड्यानें देणारीं दुकानेंही येथेंच ओळीनें आहेत, आणि तेथें निम्मा महाराष्ट्र भेटतो म्हटलें तरी चालेल. आम्ही गाडींतून उतरलों तेव्हां एक नागपूरकर बाई आपल्या वऱ्हाडी हिंदींत दुकानदारास विचारीत होत्या कीं, दोन्ही बूट डाव्याच पायाचे कसे काय दिलेत? त्यानें शांतपणें सांगितलें कीं, बर्फांत पाय बुडाले म्हणजे डावा-उजवा कोण पाहतो! सर्व मंडळी हंसली, आणि बाईंनींही हंसत हंसत ते बूट चढविले. कुरणावर तास दोन तास फिरावयाचें असेल तर हें उत्तर पुरेसें आहे. डोंगरावर जावयाचें असेल तर मात्र तें पुरत नाहीं, हें आम्हांस तीन दिवसांतच कळावयाचें होतें.

गुलमर्ग म्हणजे मूळचें एक विस्तीर्ण कुरण. समुद्रसपाटीपासून सुमारें ८,७०० फुटांवर, सूचिपर्णी वृक्षांनीं वेढलेली ही बशीसारखी जागा आहे. तिचें पूर्वींचें नांव गौरीमर्ग होतें असें सांगतात. सोळाव्या शतकांत काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक यानें तिला गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, हें नांव दिलें. इंग्रजांच्या अमदानींत १९२७ सालीं येथें स्की क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९४८ च्या डिसेंबरांत आपल्या सैन्यानें बर्फांतील हालचालींचें शिक्षण देणारी शाळा येथें काढली; तीच पुढें हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नांवानें प्रसिद्धीस आली. १९९८ सालीं तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांचा, म्हणजे गोंडोलाचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला, आणि २००५ सालीं दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारें १३,००० फुटांवर, जाऊन पोंचला. निरभ्र दिवशीं तेथून दूर नंगा पर्वत दिसतो. पूर्वीं तेथें चढून जाणें हें निवडक लोकांचें काम होतें. आतां पाळण्यांत बसून आमच्यासारखा साठी उलटलेला शाळामास्तरही वर जाऊं शकतो.

वर जाणें सोपें झालें, खालीं येणें मात्र सोपें झालेलें नाहीं. अफरवटच्या उतारावर पडणारें बर्फ कोरडें व पिठासारखें हलकें असतें. त्याच्याच लोभानें दूरदूरच्या देशांतील घसरगुंडीचे शौकीन येथें येतात. परंतु तेंच बर्फ कडा सोडून लोंढ्यानें खालीं येऊं लागलें म्हणजे प्राणावर बेततें. २०२४ च्या २२ फेब्रुवारीस अशाच हिमलोटांत एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडला. तेव्हां ज्या उतारावर एका तासाचा उशीरही महाग पडूं शकतो, तेथें पायांतील बुटानें दगा दिला तर ती केवळ गैरसोय राहत नाहीं.

आमच्यासमवेत आमचा पुतण्या होता. तो पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. त्याचे वडील लवकर निवर्तल्यामुळें तो आमच्याच घरीं, आमच्याच देखरेखीखालीं वाढला. गेलीं तीन वर्षें तो स्नोबोर्ड नामक खेळ शिकत आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांस हा खेळ अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द सांगतों. स्कीमध्यें दोन पायांस दोन लांब पट्ट्या असतात. स्नोबोर्डांत दोन्ही पाय मिळून एकच रुंद फळी असते, आणि खेळणारा तिच्यावर आडवा उभा राहून उतारावरून घसरत जातो. १९६५ च्या नाताळांत अमेरिकेतील मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें आपल्या मुलींसाठीं दोन स्की एकत्र जोडून एक खेळणें केलें, आणि त्यांतून या खेळाचा उगम झाला. १९७७ पासून व्हरमाँट प्रांतांत जेक बर्टन कार्पेंटर यानें अशा फळ्या बनविण्याचा उद्योग आरंभिला. १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील ऑलिंपिकमध्यें या खेळास प्रथम स्थान मिळालें. बापानें मुलींसाठीं केलेलें खेळणें तेहेतीस वर्षांत ऑलिंपिकला पोंचलें, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.

या खेळांत फळीपेक्षांही बुटास महत्त्व अधिक. संस्कृतांत पादत्राणास ‘उपानह्’ असा शब्द आहे. त्यांतील ‘नह्’ या धातूचा अर्थ बांधणें असा आहे; म्हणजे जें पायाशीं बांधलें जातें तें उपानह्. शतपथब्राह्मणांत राजसूय यज्ञाच्या प्रसंगीं राजानें वराहचर्माच्या उपानहा घालाव्या असें सांगितलें आहे. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या, तेथें त्यांची झीज होण्याचा प्रश्न नव्हता; स्नोबोर्डाच्या बुटास मात्र तें भाग्य नाहीं. त्याची सगळी करामत बांधण्यांतच आहे. बाहेर एक जाड कवच, आंत फेसाळ मऊ पदार्थाचा दुसरा बूट, त्याला स्वतःची नाडी, बाहेरच्या बुटाला निराळी नाडी, आणि हें सर्व पुन्हां दोन पट्ट्यांनीं फळीशीं जखडलेलें. पायाचा घोटा किंचित् झुकला कीं फळीनें वळलें पाहिजे. मधला एकही जोड सैल पडला, तर पाय एक आज्ञा करतो आणि फळी दुसरेंच ऐकते.

पुतण्यानें दोन महिन्यांपूर्वीं मुंबईच्या एका दुकानांतून २६,००० रुपये देऊन नवे बूट घेतले होते. गुलमर्गला आल्यावर तिसऱ्या दिवशीं तो एका वाटाड्याबरोबर वरच्या टप्प्यावर गेला. आम्ही व आमचें कुटुंब कोंगडोरीस कहवा पीत बसलों होतों. दोन वाजेपर्यंत तो परत यावयाचा होता. अडीच झाले, तीन झाले. ढग खालीं उतरले व बारीक बर्फ पडूं लागलें. पाळण्यांतून उतरणाऱ्या प्रत्येक मनुष्याकडे आमचें कुटुंब पाहत होतें. बोलत मात्र कांहीं नव्हतें. पावणेचार वाजतां दोन आकृति उतारावरून हळूंहळूं येतांना दिसल्या. पुतण्याच्या उजव्या बुटास दोरीचे चार फेरे गुंडाळलेले होते. बुटाच्या टोंकाशीं तळ सुटून त्यानें सुसरीसारखा जबडा वासला होता. आंत बर्फ शिरून तो जबडा अधिकच फांकत गेला, आणि वरचा बूट तळावरून सरकूं लागला. बहुतेक उतार त्यांनीं आडवे आडवे, कांहीं ठिकाणीं तर बसून बसून, पार केला होता. "काका, पाय माझा होता, पण फळी माझी नव्हती," एवढेंच तो म्हणाला.

वाटाडे पन्नाशीचे काश्मीरी गृहस्थ होते. तरुणपणापासून ते बर्फांतील खेळ शिकवीत आले आहेत. संध्याकाळीं आमच्या बिऱ्हाडीं बुखारीभोंवतीं बसल्यावर त्यांनीं ते बूट हातांत घेतले आणि एखादा वैद्य नाडी पाहतो तसे ते पाहिले. प्रथम त्यांनीं न फाटलेला डावा बूट दोन्ही हातांनीं टोंकाशीं वांकविला. तेथेंही त्याच जागीं केसाएवढी फट दिसली. मग त्यांनीं उजव्या बुटाचा सुटलेला भाग दिव्याशीं धरला. रबर कोठें फाटलेलें नव्हतें, कड कोठें घासलेली नव्हती. गोंद केवळ एका बाजूस चकाकत राहिला होता व दुसरी बाजू कोरी होती. "मास्टरजी," ते म्हणाले, "बूट झिजून फाटतो तेव्हां तो खडबडीत फाटतो. हा फाटलेला नाहीं, हा चिकटलाच नव्हता." इतक्या साध्या शब्दांत झीज आणि दोष यांतील भेद आम्हांस आजवर कोणी सांगितला नव्हता.

बोलतां बोलतां त्यांनीं आपल्या आजोबांची आठवण काढली. त्या काळीं काश्मिरांतील शेतकरी हिवाळ्यांत भाताच्या पेंढ्याचें वळलेलें पादत्राण घालीत. त्यास ‘पुल्होर’ म्हणतात. चिखलांत लांकडी खडावा घालीत. खडावांचें नांव निघतांच आमच्या डोळ्यांपुढें आमच्या घरचे वडीलधारे उभे राहिले. पुल्होर फार दिवस टिकत नसे. परंतु तो तुटला म्हणजे रात्रीं शेगडीपाशीं बसून घरचाच मनुष्य दुसरा वळीत असे. आजचा बूट त्याहून किती तरी पटींनीं टिकाऊ, उबदार व सोयीचा आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो ज्या घरांत असतो त्या घरांत त्याची दुरुस्ती कोणासही येत नाहीं. पुल्होर तुटत असे, तुटणार हें माहीत असे, आणि उपाय हाताशीं असे. नवा बूट तुटणार नाहीं अशा भरंवशावर आपण डोंगर चढतों, आणि म्हणूनच तो तुटला कीं आपण अगदीं निरुपाय होतों. आम्ही पेंढ्याचे जोडे पुन्हां घालावे असें म्हणत नाहीं. परंतु जें आपल्या हातानें करतां येत नाहीं तें निदान आपल्या डोळ्यांनीं तपासतां आलें पाहिजे, एवढा बोध आम्हीं त्यांतून घेतला.

त्याच बिऱ्हाडांत ठाण्याकडील एक निवृत्त बँक-अधिकारी उतरले होते. दुसऱ्या दिवशीं त्यांच्याही बुटांची कथा ऐकावयास मिळाली. त्यांचे बूट गिरिभ्रमणाचे, नामांकित, नऊ वर्षांपूर्वीं घेतलेले. बर्फांत शंभर पावलें चालतांच त्यांचा तळ नाचणीच्या शिळ्या भाकरीसारखा चुरूं लागला, आणि पांढऱ्या बर्फावर काळा भुगा पडत गेला. गृहस्थ संतापले होते. "अहो, दोनदांच घातले होते! एरवीं कपाटांत जसेच्या तसे!" असें ते पुनःपुन्हां म्हणत.

दोष त्या कपाटाचाच होता. अशा बुटांच्या तळांत पुष्कळदां पॉलियुरेथेन नांवाचा हलका, लवचीक पदार्थ असतो. हवेंतील ओलावा त्यांतील रेणूंच्या सांखळ्या हळूंहळूं तोडीत असतो; उष्ण व दमट हवेंत हें काम अधिक जलद चालतें. बूट घातला काय किंवा न घातला काय, काळ थांबत नाहीं. ठाणें, मुंबई, रत्नागिरी येथील पावसाळ्यांत बंद कपाटांत ठेविलेला कोरा जोड कांहीं वर्षांनीं अशाच रीतीनें आंतून मरतो. बाहेरून तो नवाच दिसतो. स्नोबोर्डाच्या बुटांत बहुधा दुसऱ्या जातीचा फेस असतो, तो असा चुरत नाहीं. परंतु जेथें पॉलियुरेथेनचा तळ किंवा गोंद असेल, तेथें हाच धोका आहे. वापरलें नाहीं म्हणजे जपलें, असा आपल्या घरोघरचा समज असतो. पेटींत घडी घालून ठेविलेलीं पैठणी कधीं तरी उलगडून पाहावी लागते, हें गृहिणींस ठाऊक आहे, परंतु बुटासही तोच नियम लागू आहे हें फारसें कोणास ठाऊक नसतें. आम्हीं हें त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांस तें पटलें नाहीं. परत गेल्यावर दुकानदारास न्यायालयांत खेंचण्याचा त्यांचा निश्चय कायम होता.

आमच्या पुतण्याची गोष्ट निराळी होती. त्याची तक्रार खरी होती. परंतु तींत एक कांटा होता. बूट फाटण्याच्या आदल्या रात्रीं ते ओले झाले होते म्हणून त्यानें ते बुखारीपासून हातभर अंतरावर वाळत ठेविले होते. बुखारी म्हणजे लांकडावर चालणारी पत्र्याची शेगडी. तिची आंच गोंदास मारक असते. आंतला बूट बाहेर काढून, दोहोंत वर्तमानपत्रांचे बोळे घालून, खोलीच्या साध्या हवेंत ते वाळवावयाचे असतात. वाटाड्यांचें मत असें पडलें कीं, आंचेनें गोंद सुटता तर शेगडीकडची बाजू सुटली असती; येथें दोन्ही बुटांचीं टोंकें सारखींच सुटलीं होतीं. "तरी पण," ते हंसून म्हणाले, "बुखारीजवळ ठेविले होते, हेंही खरेंच ना."

पुण्यास परतल्यावर पुतण्यानें दुकानदारास पत्र लिहिलें व जुन्या संवयीप्रमाणें तें आमच्यापुढें आणून ठेविलें. चाळीस वर्षें मुलांचे निबंध तपासण्यांत गेलीं, तेव्हां पत्र वाचतांना हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. तारीख होती, पावतीचा क्रमांक होता, दोन्ही बुटांचीं छायाचित्रें जोडलीं होतीं, भाषा संयमाची होती. आम्हीं विचारलें, "बुखारीचें वाक्य कोठें आहे?"

"काका, तें वाक्य लिहिलें कीं दुकानदार नेमकें त्यावरच बोट ठेवील."

"ठेवील," आम्ही म्हणालों.

"आणि बूट तर बुखारीनें फाटलेले नाहींत. मग जें कारणच नव्हे तें लिहावयाचें कशाला?"

त्याच्या या बोलण्यांत तर्कदोष नव्हता, हें आम्हांस मान्य करावें लागलें. इतक्यांत आमचें कुटुंब आंतून बाहेर आलें व म्हणालें, "खरें बोलावें हें खरें, पण कोणीं विचारलें नसतां आपणहून सांगत सुटावें असें कोठें आहे?" वहिनींचें मत अर्थातच मुलाच्या बाजूनें पडलें, वर अडल्या वेळीं मुलाचा जीव गेला असता तर दुकानदारानें कोणतें वाक्य लिहिलें असतें, असाही त्यांनीं प्रश्न केला, आणि त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं कायद्याची बाजू मांडली. त्या रात्रीं जेवणाच्या पानावर बुटाखेरीज दुसरा विषय निघाला नाहीं. शेवटीं आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, "पत्र तुझें आहे, खालीं सही तुझी आहे, आम्ही कांहीं सांगत नाहीं. मात्र दोष कोठें आहे हें ठरविण्यासाठीं समोरच्यास जें ठाऊक असणें अवश्य, तें आपण झांकलें, तर मग निवाडा मागतां येत नाहीं, नुसती भरपाई मागतां येते." दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें पत्र पुन्हां लिहिलें. बुखारीचें वाक्य त्यांत होतें.

दुकानदारानें त्यावरच बोट ठेविलें. उत्तर आलें कीं, बूट उष्णतेनें बिघडले असल्यामुळें बदलून मिळणार नाहींत. तेव्हां पुतण्यानें राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेच्या १९१५ या दूरध्वनी-क्रमांकावर तक्रार नोंदविली, व दोन्ही बुटांचे तळ एकाच जागीं, स्वच्छ सुटले असल्याचा मुद्दा छायाचित्रांनिशीं मांडला. सात आठवडे पत्रव्यवहार चालला. अखेरीस दुकानदार निम्मी किंमत, म्हणजे १३,००० रुपये, परत देण्यास कबूल झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, जो २०२० च्या जुलैपासून अंमलांत आला, तक्रारदारास तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाहीं. आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पुतण्यास ती वाट मोकळी होती. परंतु बुखारीजवळ ठेवण्यांत आपलीही कांहीं जबाबदारी होती असें म्हणून त्यानें निम्म्यावर समाधान मानलें. वहिनी त्या वाक्यास अद्याप ‘तेरा हजारांचें वाक्य’ म्हणतात, आणि तें त्यांनीं म्हटलें कीं आम्ही निमूटपणें वर्तमानपत्रांत तोंड घालतों.

आतां आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें-नातवंडें हिमालयांत किंवा परदेशीं बर्फाळ मुलुखांत जात असतील, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख आवरतों.

निघण्यापूर्वीं निदान पंधरा दिवस बूट बाहेर काढावे. टोंकाशीं दोन्ही हातांनीं वांकवून तळाचा जोड पाहावा. टांच दाबून पाहावी. नाडीच्या कड्या, शिवण व पट्टे तपासावे. मग ते घालून घरांतच तासभर वावरावें. फट दिसली तर ती घरीं दिसणें बरें, डोंगरावर नव्हे.

२००१ पासून कांहीं बुटांत नाडीऐवजीं चकती फिरवून आंवळावयाची बारीक तार निघाली आहे. ती सोयीची खरी. परंतु नाडी तुटली तर गांठ मारतां येते, तारेस ती मारतां येत नाहीं. तारेचा बूट असेल तर बदलावयाची तार जवळ बाळगावी. त्याखेरीज चार हात मजबूत दोरी, एक पट्टा आणि जाड चिकटपट्टी एवढें सामान पिशवींत असावें. आमच्या पुतण्यास खालीं आणलें तें २६,००० रुपयांच्या बुटानें नव्हे. वाटाड्यांच्या खिशांतील दोरीनें आणलें.

बूट फाटल्यास, आणि तो बदलून मागण्यासारखा असल्यास, त्यास आपण गोंद लावूं नये. मोच्याकडून सोल्युशन लावून घेतलें कीं मूळ दोषाचा पुरावा नाहींसा होतो. प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, पावतीसह तक्रार करावी, मगच दुरुस्ती. दुरुस्तीच करावयाची तर जुना गोंद खरवडून, दोन्ही पृष्ठें खडबडीत व कोरडीं करून, लवचीक राहणारा गोंद लावावा आणि दिवसभर दाबून ठेवावें. वाळल्यावर दगडासारखा कडक होणारा गोंद वांकतांच तडकतो.

शेवटीं, प्रत्येक झिजेस दोष म्हणूं नये. आंतल्या बुटाचा फेस वापरानें दबतो व पाय सैल पडूं लागतो. शंभरेक दिवस खेळल्यावर असें होणें हें साहजिकच आहे, असें जाणकार सांगतात. मागचा पाय फळींतून सोडून ढकलीत चालावें लागतें, त्यामुळें त्या बुटाची कड आधीं घासते, हेंही स्वाभाविक. दोष तो, जो झिजेच्या आधीं येतो. हा भेद ज्यास कळला, तो दुकानदाराशीं भांडेलही नीट आणि गप्पही बसेल नीट.

यंदा पुतण्यानें दुसरे बूट घेतले. दुकानांत त्यानें ते पायांत घालण्यापूर्वीं टोंकाशीं वांकवून दिव्याशीं धरले, तेव्हां दुकानांतील मुलगा आश्चर्यानें पाहत राहिला. घरीं आणल्यावर त्यानें आंतल्या बाजूस शाईनें खरेदीची तारीख लिहिली. वहिनींनीं ती वाचली, कांहीं बोलल्या नाहींत, आणि ते बूट कपाटांत न ठेवतां हवेशीर माळ्यावर ठेवून दिले.